टँकरचं वाक्य

मुसळधार पावसात आफ्रिकेतल्या एका खाणीत गाळाच्या तळ्याचा बांध फुटला आणि तिथे सर्व्हेअर असलेला माझा भाऊ गेला.

त्या खाणीचा पर्यावरण अहवाल मस्कतमध्ये, गाला नावाच्या भागातल्या आमच्या ऑफिसात तयार झाला होता. तो लिहिणारे गृहस्थ कणकवलीकडचे. मी त्यांची भाषा तपासतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. टेबलावरच्या तुळशीला ते एसीचं ठिबकणारं पाणी घालतात आणि टिश्यूपेपर वाया घालवणाऱ्याला झापतात. अहवाल मात्र सगळे ओमानच्या वाळवंटातल्या एका जुन्या दगडखाणीच्या अहवालावरून करतात. देशाचं नाव बदलतात, मुखपृष्ठावर तिथल्या एखाद्या बेडकाचा फोटो घालतात.

म्हणून वर्षातले नऊ महिने पाऊस पडणाऱ्या जंगलातल्या त्या खाणीलाही त्यांनी सुचवलं होतं, ‘धूळ बसवण्यासाठी रोज दोनदा टँकरने पाणी मारावे.’ पावसाने तळं भरलं तर काय करायचं, यावर ओळ नव्हती. कोकणातल्या माणसाला पाऊस सांगावा लागत नाही, असा माझा समज होता. तरी विचारलं.

“मास्तर, तुम्ही स्पेलिंग बघा, जंगलाचं मी बघतो. यल्ला, पाठवा.”

मी पाठवला.

भाऊ गेल्यावर ते घरी आले, माझा हात धरून रडले. खरंच रडले. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या जंगलाचा अहवाल माझ्यासमोर ठेवला. बेडूक नवा होता. टँकर तोच होता.

“झालं का, मास्तर?” ते रोज विचारतात.

अहवाल माझ्या टेबलावर आहे. मी तो अजून पाठवलेला नाही.