बांधापलीकडचं वायरलेस

भावाच्या घरातलं काहीही घ्यायचं नाही, असं मी वडील गेल्यानंतर ठरवलं आणि बरीच वर्षं पाळलं. भाऊबीजेला ओवाळायची, साडी हातात घ्यायची आणि परत ताटात ठेवायची. त्याच्याकडून आंब्याची पाटी आली तर ती तशीच माघारी जायची. लोकांना हा ताठा वाटायचा. ताठा होताच, पण नुसता ताठा नव्हता.

वडिलांच्या माघारी जुन्नरच्या कचेरीत मी हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली होती. मला कुणी फसवलं नाही. कागद मी वाचला, मला तो समजला आणि मी सही केली, कारण आमच्याकडे बहिणी तशी सही करतात. जी करत नाही तिचं माहेर बंद होतं. सही झाल्यावर धाकटा भाऊ सगळ्यांना खानावळीत घेऊन गेला आणि खानावळीतल्या पोऱ्याला मला वाढायला सांगता सांगता म्हणाला, "ताई, आता विषय संपला बघ."

मी ताट बाजूला सारलं. दहावीनंतर मला महाळुंगे पडवळला देऊन टाकलं आणि त्याला डिप्लोम्यासाठी पुण्यात ठेवलं, तेव्हाही असाच विषय संपला होता. माझे मार्क त्याच्यापेक्षा जास्त होते. सही केलेली जमीन कायद्यानं परत मिळत नाही, एवढं मला कळतं. पण मी एक साडी जरी घेतली असती, तरी "तिला वेळोवेळी दिलंय की," असं म्हणायला त्याला जागा झाली असती. ती जागा मला ठेवायची नव्हती.

सासरी जमीन नावाला होती. आमचे हे दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे. मी पडवीत ट्रे मांडून टोमॅटोची रोपं करायला लागले, मग फ्लॉवरची, मग मिरचीची. रोपं चांगली निघाली आणि शेतकरी लांबून यायला लागले. वारूळवाडीत वडिलांच्या जमिनीला लागून एकाचा अर्धा एकर विकायला निघाला, तेव्हा मी त्याच्याशी चार वेळा भांडून तो घेतला. लोक म्हणाले, पोरगी माहेरी परत आली. मी माहेरी आले नव्हते. मी विकत घेतलेल्या जागेत आले होते. माझं घर आणि भावाचं घर यांच्यामध्ये एक बांध आणि शेवग्याची चार झाडं, बस.

रोपवाटिकेचं ऑफिस रस्त्याला होतं. फोन तिथे, इंटरनेटही तिथेच. घर पार मागच्या बाजूला, मधे शेडनेटच्या शेडा. बाहेरच्या बाजारात टोमॅटोला काय भाव चाललाय हे सकाळी उठल्या उठल्या कळलं, तर शेतकरी पुढं किती रोपं मागणार याचा अंदाज येतो. म्हणून मला घरात नेट पाहिजे होतं. ऑफिसपासून घरापर्यंत वायर टाकली, ती पॉवर टिलरनं तुटली. दुसरी पाइपातून टाकली, ती घुशींनी खाल्ली. मग फोन कंपनीकडून वायरलेसचा मोडेम घेतला आणि लॅपटॉप आणायला पुण्याला गेले.

दुकानदार पोरगेलासा होता. म्हणाला, "मॅडम, विंडोजसकट एवढ्याला पडेल."

"आन् विंडोज काढून?"

"काढून काय करणार? रिकामं मशीन राहील."

"रिकामं दे. भरायचं काय ते मी बघते."

"मॅडम, रिकामं कुणी नेत नाही."

"मग तुझ्याकडं पडूनच असंल. पडलेल्या मालाला भाव सांगतोस व्हय?"

तो हसला आणि खाली आला. बॅगेवरून पुन्हा वाद झाला, माऊसवरून झाला. शेवटी त्याने दोन्ही वस्तू पिशवीत घातल्या आणि दुकान सोडून आत निघून गेला.

लॅपटॉप भरायला माझ्याकडे लिनक्सची सीडी होती, संगणकाच्या एका मासिकाबरोबर आलेली. नारायणगावात कोर्स करताना सरांनी सांगितलं होतं की ही सिस्टीम जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली आहे. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, दुरुस्त करावी, पुढे द्यावी. माझा विश्वास बसला नव्हता. फुकट म्हटलं की मी मागे सरकते. देणारा नंतर कशात तरी वसूल करतोच, हे मी बियाण्याच्या दुकानात, सोयरिकीत, सगळीकडे पाहिलेलं होतं.

पण सिस्टीम बसली. चित्र आलं, आवाज आला, मराठी अक्षरंसुद्धा सरळ उमटली. फक्त वायरलेस नाही. बाजूचा दिवा लालच राहिला. नेटवर्कच्या यादीत एकही नाव येईना.

आमचे हे दारात उभं राहून म्हणाले, "रिकामं आणलंस न्हवं? मंग आता रिकामंच हाय म्हनायचं."

"तुमी टेम्पोचं बघा."

"टेम्पो चालू हाय माझा."

मी चिडून लॅपटॉप मिटला. दुपारी पुन्हा उघडला, ऑफिसात नेऊन मोडेमला वायरनं जोडला आणि शोधायला लागले. वायरलेस चालू करायचं तर आधी वायर लावा, ही त्यातली गंमत. माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं आणि पुढचं बियाण्याच्या पाकिटांवरचं. तरी लोक प्रश्न विचारतात आणि दुसरे लोक उत्तरं देतात, अशी एक जागा सापडली. तिथे मी मोडकंतोडकं लिहून टाकलं: मशीन नवं, वायरलेस नाही, मदत करा.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं. कोण, कुठला, काही ठाऊक नाही. त्याने आधी एक ओळ टाइप करायला सांगितली. तिच्यातून वायरलेसच्या चिपचा नंबर आला, तो मी त्याला कळवला. मग त्याने समजावलं. सिस्टीममध्ये सगळ्यांनी आपापलं दिलेलं आहे, पण ही चिप बनवणारी कंपनी तिच्या आतलं कुणाला देत नाही. चिप जागी करायला एक छोटी फाइल लागते. ती कंपनीने विंडोजसाठी दिलेल्या सामानातून वेगळी काढावी लागते आणि ठरलेल्या जागी ठेवावी लागते.

ते वाचून मला बरं वाटलं, हे खरं सांगते. सगळे वाटून खातात आणि एकजण आपला वाटा धरून बसतो, ही गोष्ट मला लगेच समजली. बाकीचं जग कसं चालतं तेच कळत नव्हतं.

काळ्या पडद्यावर एकेक अक्षर बघून ओळी टाइप केल्या. एकदा मधली मोकळी जागा राहिली, एकदा कॅपिटल अक्षर स्मॉल पडलं. दोन्ही वेळा मशीननं सरळ नाही म्हणून सांगितलं. माणसासारखं हो म्हणून टांगलं नाही. तिसऱ्या वेळी काही न बोलता पुढची ओळ आली. लॅपटॉप बंद करून चालू केला. दिवा निळा झाला आणि यादीत एक नाव आलं, मोडेमच्या डब्यावर छापलेलं होतं तेच. त्यावर टिचकी मारली. जोडलं गेलं.

त्या माणसाला मी धन्यवाद लिहिले आणि वाट बघत बसले, की आता हा काहीतरी मागेल. त्याने फक्त विचारलं, चाललं का? मी लिहिलं, चाललं. त्यावर त्याने हसरा चेहरा टाकला आणि तो गेला. मी बरेच दिवस त्याच्यावर विचार केला. त्याला काय मिळालं? माझ्या कुठल्याच हिशेबात तो माणूस बसेना.

लॅपटॉप उचलून घरी आणला. तेच नाव, आणि सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या. एवढ्या शेडा ओलांडून! यांना बोलावून दाखवलं, बियाणं घेऊन येणाऱ्याला दाखवलं, रोपं न्यायला आलेल्या निमगाव सावाच्या पाहुण्यांनाही दाखवलं.

"लई भारी, अक्का. आमच्यात वायर असून येत न्हाई."

"घ्यायची अक्कल पाहिजे, पावणं. मी रिकामं आणून सोताच्या हातानं चालू केलंय."

हिवाळा गेला. सकाळी चहा आणि बाजारभाव, दुपारी रोपांची मागणी, कधी परदेशातल्या पॉलीहाउसचे फोटो. कुणाच्या उपकारात नसलेली, सबंध माझी अशी ती एकच गोष्ट आहे, असं मी मनात म्हणायची.

उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी मी घरात बसून भाव बघत होते, तेव्हा हे ऑफिसातून घाम पुसत आले.

"शेतीची लाइट सकाळधरनं न्हाई. मोटर बंद, फॅन बंद. तुझा त्यो डबाबी बंद."

"कुठला डबा?"

"नेटचा गं."

ऑफिसला वीज शेतीच्या लाइनीवरून आणि घराला गावठाणाच्या. एक गेली तरी दुसरी चालू राहते. मी यांच्याकडे बघितलं आणि मग पडद्याकडे. भाव येतच होते.

"डबा बंद हाय? नक्की?"

"दिवाच न्हाई एकपन. मंग हे कशावर चाललंय तुझं?"

मी लॅपटॉप तसाच उघडा हातावर घेऊन बाहेर आले. ऑफिसकडे चालले तशा कांड्या कमी झाल्या. थांबले. मागे फिरले, घरावरून पुढे गेले, शेवग्यापर्यंत. कांड्या भरल्या. बांधावर उभी राहिले आणि समोर भावाच्या ओट्यावरची खुर्ची दिसत होती.

फोन कंपनी सगळ्यांना एकाच जातीचा मोडेम द्यायची, सगळ्यांवर एकच नाव आणि कुलूप, म्हणजे पासवर्ड, कुठल्यालाच नाही. यादीत नाव एकच दिसायचं आणि जवळचा जो असेल त्याला मशीन चिकटायचं. ऑफिसात माझा, घरात त्याचा. साडी परत करणारी मी, सबंध हिवाळा रोज सकाळी त्याच्या घरातलं उचलून आणत होते.

डोकं असं तापलं की चप्पल घालायचंही राहिलं. भाऊ चाकणला कंपनीत नोकरीला, गुरुवारी सुट्टी. ओट्यावर शेंगा फोडत बसला होता.

"ये ताई. बस."

"बसाया न्हाई आले. तुझ्या मोडेमला कुलूप न्हाई."

"न्हाई. ठाव हाय."

"माझं मशीन तुझ्यावर चालतंय."

त्याने शेंग टाकली आणि हात झटकले. "त्ये बी ठाव हाय. मोडेमच्या यादीत एक परकं मशीन दिसत व्हतं. तू लॅपटॉप आनलास तवापास्नं."

"आन् गप बसलास?"

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस."

"मंग! करनारच!"

"म्हनून न्हाई बोललो." तो बांधाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चालू दे की, ताई. काय जातंय? तू काईच घेत न्हाईस. तेवढं तरी घे."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. तसंच मिटलं.

"कुलूप लाव," मी म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

तो आत गेला. खिडकीतून की-बोर्डचा आवाज आला. माझ्या हातातल्या पडद्यावरच्या कांड्या एकदम गेल्या. मी परत आले.

दारात हे उभे होते. "काय म्हनाला?"

"तेवढं तरी घे म्हनाला."

"मंग घेतलंस?"

"न्हाई."

"मंग हसतीस काय?"

मी हसत होते हे मला ठाऊक नव्हतं. यांना सांगून समजलं नसतं, टेम्पोवाल्याला भाडं ठरलेलं मिळतं. मी बाजारात वाढले. देणं लागत नाही असं ज्याचं मत आहे, तो कुठलाच आकडा बोलत नाही, थोडासुद्धा नाही. इतकी वर्षं हा माणूस म्हणत होता, विषय संपला. आज त्याच्या तोंडून निघालं, तेवढं तरी. म्हणजे द्यायचं आहे, हे त्याला ठाऊक होतं. किती, हे ठरायचं होतं. भाव फुटला होता, म्हणजे पहिली बोली निघाली होती, आणि ती त्याच्या बाजूनं निघाली होती. रागात मी दोन शब्द जास्त बोलले असते तर ते वाहून गेलं असतं.

पुढच्या दोन दिवसांत मी माझ्या मोडेमचं नाव बदललं, कुलूप घातलं आणि डबा ऑफिसातून उचलून शेडच्या टोकाला नेला. घरात दोनच कांड्या येतात. फोटो उघडायला वेळ लागतो, भाव दिसतात.

पुढच्या गुरुवारी मी चप्पल घालून, लॅपटॉप न घेता, बांध ओलांडला. भाऊ ओट्यावरच होता. वहिनीनं बसायला दिलं. मी बसले, तशी ती घाईनं आत चहा ठेवायला गेली, कारण त्या घरात मी वडील गेल्यापासून बसले नव्हते. चहा आला, तो मी बाजूला ठेवला. हे बोलणं पुढं दोन हंगाम चाललं आणि त्यात काय ठरलं ते आमच्या दोघांत आहे. पण सुरुवात मी केली.

"बोल," मी म्हणाले. "तेवढं तरी, म्हंजी केवढं?"