चंद्राची तीन उत्तरं

लातूर नुकतंच उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या होत्या आणि नळ कोरडे. नांदेडला बी.एस्सी. करून मी तिथल्या एका शाळेत हंगामी मास्तर झालो होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही, हे मुख्याध्यापक माझा एक तास पाहून ठरवणार होते.

त्या तासाला मी ‘चंद्राचा जन्म’ हा विषय घेतला. कॉलेजातल्या सरांनी मला त्यावरचं एक पुस्तक देऊन टाकलं होतं; आजही त्यांचे उपकार वाटतात. टँकर आला की अर्धा वर्ग घागरी घेऊन पळायचा, म्हणून मी घाईतच सुरुवात केली. पृथ्वी फार वेगानं फिरत होती, तेव्हा तिचाच तुकडा सुटला, असं काहीजण म्हणतात.

“उस्मानाबादातून लातूर निघालं तसं का सर?”

“मग तिथं कलेक्टर कोन हाय बे?” मागून दुसरा.

मागे बसलेले मुख्याध्यापकही हसले. मला धीर आला. दुसरं मत, दोघं एकाच धुळीतून शेजारी शेजारी घडले. तिसरं, चंद्र दुसरीकडून जात होता, पृथ्वीनं त्याला ओढून धरलं. मग मी अडचणी सांगितल्या. पृथ्वी एवढी गरगर फिरत होती याला पुरावा नाही. धूळ एकच, तर चंद्रात लोखंड एवढं कमी का? आणि भरधाव जाणारा गोळा असा सहज थांबत नाही.

“सर, पेपरात कोणतं लिहावं?” पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

एक सांगून मोकळं होता आलं असतं. जीभ रेटेना. “अजून ठरलेलं नाही,” मी म्हणालो.

तासानंतर मुख्याध्यापकांनी बोलावलं. “मास्तर, शिकवता झकास. पण पोरं रिकाम्या हातानं उठली की!”

“सर, त्याचा फैसलाच झालेला नाही.”

“मग फैसला झालेलं काहीतरी शिकवायचं व्हतं!”

जूनमध्ये माझ्या जागी दुसरे आले. मी नांदेडला अर्ज टाकत, वाचनालयात पानं उलटत फिरू लागलो. तिथं एका इंग्रजी मासिकात चौथं मत सापडलं. मंगळाएवढा एक गोळा पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या दगडांचा चंद्र झाला. लोखंड आधीच पृथ्वीच्या पोटात खोल बसलेलं, उडाला तो वरचा दगड. मी उभ्यानंच दोनदा वाचलं. सकाळी लातूरची एसटी धरली.

“आता काय काढलंत?” मुख्याध्यापक म्हणाले.

“सर, दहा मिनिटं त्याच वर्गावर द्या.”

त्यांनी दिली. पोरं आता दहावीत होती. माझं सांगून होईपर्यंत मुख्याध्यापक दारातच उभे होते. “हे तरी पक्कं का?”

“नाही सर. पण याला अडचणी कमी आहेत.”

पहिल्या बाकावरच्या त्या मुलीनं ते उतरवून घेतलं आणि खाली पुढच्या मतासाठी दोन ओळी मोकळ्या सोडल्या. नोकरीचा विषय मुख्याध्यापकांनी काढला नाही, मीही नाही. परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, तरी हुरुपानं मला बसवेना.