पंधरातले चौदा

आमचे शेजारी सयाजी हवालदार एकाहत्तरची लढाई लढलेले. पेन्शनीत आल्यावरही रोज सकाळी बुटाला पॉलिश करायचे आणि त्याच बुटांनी शेणातून गोठ्यात जायचे. त्यांची टिंगल करणं हा माझा हक्कच. "हवालदारास्नी बघून यम बी सावधान हुबा ऱ्हाईल," असं मी पारावर सांगायचो. ते मिशीत हसायचे. कवठे महांकाळपर्यंत लोक ते खरं धरून चालले.

पंच्याण्णवच्या मार्चात त्यांना हार्ट अटॅक आला. सांगलीच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी चारुशीला नावाची मुलगी कागद घेऊन आली. कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. हृदयविकार झालेल्याला मरणाची धास्ती किती, हे ती पंधरा प्रश्नांवरून मोजायची. जितकी धास्ती, तितके गुण.

आता आमच्यात एकाला विचारलं की खाटेभोवतीचे सगळे उत्तर देतात.

"मरणाचा विचार सारखा मनात येतो का?"

"छ्या! त्यास्नी म्हशीचा इचार येतो," त्यांची बायको शालूबाई म्हणाली.

"ऑपरेशन म्हटलं की भीती वाटते?"

"आवं ताई, डॉक्टरच भ्यायचा!" मी म्हणालो.

सगळे हसले. हवालदारही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम होता. सहा प्रश्न झाले, गुण शून्य. सातव्याला मी तोंड उघडलं आणि त्यांचा हात दिसला. खाटेची दांडी त्यांनी अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती.

चारुशीलालाही ते दिसलं असावं. "तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा," ती म्हणाली.

बाहेर म्हणजे पडद्याबाहेर. माझे कान कुठले लांब जायला?

"काका, पुन्हा पहिल्यापासून सांगा."

मग अगदी बारीक आवाज आला. "पयल्याला व्हय लिव्हा. दुसऱ्याला बी व्हय. पोरी, मगापासनं छातीत कळ मारतीया. त्या गुंडापुढं कसं सांगू? गावभर करंल."

गुंडा म्हणजे मी.

"सिस्टर!" चारुशीला ओरडली. पडदा फाटल्यासारखा सरकला. नर्स धावली, डॉक्टर आले, आम्हाला व्हरांड्यात ढकललं. दोन तास दार बंद. शालूबाई माझ्याकडे बघत नव्हती. शेवटी एवढंच म्हणाली, "तुमीच चढवलासा त्यास्नी."

मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी आत सोडलं. हवालदार उशीला टेकून बसले होते. चारुशीला नुकतीच उरलेले प्रश्न संपवून गेली होती.

"गावात किती गुण सांगनार रं?" त्यांनी विचारलं.

"शून्य," मी म्हणालो. "दुसरं काय?"

"न्हाई. चौदा सांग." त्यांनी माझं मनगट धरलं. "आन् लगीच जाऊ नगंस गड्या. बस हितं जरा."

मी बसलो.