‘प्रेमळ’ शब्दापुढची रिकामी ओळ

आई गेली त्याला चार महिने झाले होते आणि मी अजून रडलो नव्हतो. स्मशानात नाही, दहाव्याला नाही, तिच्या चष्म्याची डबी सापडली तेव्हाही नाही. लोक म्हणाले, वाचणारा माणूस आहे, धीराचा आहे. मला मात्र आतून एक शंका पोखरत होती. आपल्याला तिचा लळाच नव्हता की काय?

ही शंका घेऊन मी दिवाळीनंतर वाटूरला अक्काकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे गेलो. तिथं तिची मुलगी लळा मोजायचं साहित्य मांडूनच बसली होती. ही माझी भाची मानसशास्त्रात एम. ए. करते. तिच्या विषयात म्हणे माणसाचा लळा जन्मभर मोजता येतो. वर्षाच्या मुलाला तीन मिनिटं आईपासून दूर ठेवून बघतात. जरा मोठ्या मुलाला बाहुल्या देऊन अर्धी गोष्ट पुरी करायला सांगतात. आणि माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्याला समोर बसवून त्याचं बालपण विचारतात.

सकाळी तिनं सरावासाठी शेजारणीची वर्षाची मुलगी आणली होती. रीत सोपी. खोलीत आई, मूल आणि खेळणी. मग एक परका माणूस आत येतो, आई उठून जाते, आणि ती परत आली की मूल काय करतं ते टिपायचं. अडचण एवढीच की वाटूरसारख्या गावात परका माणूस आणायचा कुठून? शेवटी मला परका नेमलं. मी आत जाऊन बसलो. त्या चिमुरडीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, सरळ मांडीवर चढली आणि माझ्या खिशातल्या पेनाशी झटापट करू लागली. आई गेली, आई आली. पेनाचं काम चालूच.

“आई आली तरी ढुंकून बघितलं न्हाई,” भाची गंभीरपणे वहीत लिहू लागली. “टाळणारं मूल.”

“अगं बाई, सकाळपासून सात घरं हिंडून आली ती,” शेजारीण हसली. “माझा तर नंबर आठवा!”

भाचीनं पान फाडलं. पण शांत बसणाऱ्या मुलांबद्दल तिनं एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात रुतली. आई गेली-आली तरी काही मुलं खेळत राहतात. वरून वाटतं, यांना काही फरक पडत नाही. पण छातीला तारा लावून बघितलं तर त्यांचंही काळीज धडधडत असतं.

जेवणाआधी माझी पाळी आली. तिनं फोन ध्वनिमुद्रणाला लावून मधे ठेवला.

“मामा, आजीसाठी पाच शब्द सांगा. तुमच्या लहानपणीची आजी. मग एकेका शब्दाला एकेक प्रसंग.”

कष्टाळू, अबोल, नीटनेटकी, करारी हे शब्द पटापट आले. पाचवा प्रेमळ. आईसाठी तो सांगावाच लागतो. पहिल्या चारांना प्रसंगांची रांग लागली. पाचव्याला एकही सापडेना.

“ती सगळ्यांचं करायची,” मी म्हणालो.

“ते कष्टाळूत आलं.”

“कुणाला उपाशी झोपू दिलं नाही.”

“तुमच्याशी, मामा. एका दिवसाचं काहीतरी सांगा.”

आमच्या घरात थोरांसमोर, विशेषतः आबांसमोर, म्हणजे आजोबांसमोर, आपलं मूल उचलायची सुनेला चोरी होती. जावेचं मूल मात्र चालायचं. त्यामुळे आई चुलतभावाला कडेवर घेऊन हिंडायची आणि मी थोरल्या काकूच्या कडेवर. बायकांनी आपसात तशी वाटणीच केली होती.

भाचीनं वहीतला पुढचा प्रश्न घेतला. “लागलं-खुपलं तर कुणाकडे जायचात?”

“काकूकडे. पाच वर्षांचा असताना बैलगाडीवरून पडलो, हनुवटी फुटली. काकूनंच मांडीवर घेऊन हळद दाबली.”

“आन् मायचं काय सांगत न्हाईस?” स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज आला.

“काय सांगू? ती चुलीपुढं होती. उठलीसुद्धा नाही.”

“उठंल कशी? आबा ओसरीत बसल्ते ना! पण त्या दिवशी तिच्या दोन भाकरी करपून कोळसा झाल्या. उभ्या जन्मात मायची भाकरी करपली न्हाई. आन् त्या खाल्ल्या कुणी? मी! तुह्या हनुवटीपायी.”

“आई, तू मधी बोलू नको. मुलाखत मामाची हाय.”

“मंग त्याला आठवंना तर मी काय करू?”

काकूच्या मांडीवरून चूल दिसायची. डोक्यावर पदर घेतलेली आईची पाठ दिसली. भाकरी थापायचा आवाज थांबला होता, बराच वेळ. परातीत तिचे हात नुसतेच टेकलेले. पण हे मला खरंच आठवत होतं, की अक्काच्या बोलण्यातून आत्ताच तयार झालं होतं? मी भाचीला तसं स्पष्ट सांगितलं. उसन्या आठवणीवर ‘प्रेमळ’ हा शब्द मला ठेवायचा नव्हता.

“मग हे असंच सांगा,” ती म्हणाली. “आठवण किती बरोबर आहे, त्याला गुण न्हाईत मामा. माणूस ती कशी सांगतो, ते बघतात.”

मी सांगायला लागलो. “थापायचा आवाज थांबला,” एवढं म्हणालो आणि पुढचं वाक्य बाहेर पडेना. चार महिन्यांचं सगळं एकदमच आलं. भाची घाबरून फोन बंद करायला धावली. अक्का पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली. कुणाला जवळ घ्यायची रीत आमच्या घरात पुढेही कधी पडली नाही.

“आधी जेवून घे,” ती म्हणाली. “मंग रड.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी अक्काचं ऐकलं नाही.