घराखालचा वारा

फॉन्स टोबिनने आयुष्यात दोनच गोष्टी पाण्यात लोटल्या होत्या. होड्या, आणि स्वतःचं घर.

बार्टलेट बेट रिकामं झालं तेव्हा तो तरुण होता. शाळा बंद झाली, पाद्री यायचा थांबला, आणि एकेक कुटुंब खाडीपलीकडे साउथ आर्म गावी निघून गेलं. फॉन्सने बेटावर घर सोडलं नाही. ओंडक्यांवरून ढकलत ते किनाऱ्याला आणलं, भोवती रिकामी पिंपं बांधली आणि तीन होड्यांच्या मागे बांधून खाडी पार केली. त्याची बायको लोरेटा पुढच्या होडीत पाठमोरी बसली होती, घराकडे तोंड करून. तिने कपाटातले कपसुद्धा गुंडाळून ठेवले नव्हते. एकही फुटला नाही. ही गोष्ट लोक अजून सांगतात, आणि दर वेळी समुद्र थोडा अधिक खवळलेला असतो.

साउथ आर्मला ते उशिरा पोहोचले. कोरड्या, खडकाळ जागा आधी आलेल्यांनी घेतल्या होत्या. फॉन्सच्या वाट्याला दलदलीच्या कडेची जमीन आली. बेटावर होतं तसंच त्याने घर लाकडी खुंटांवर उभं केलं, खाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी सोडून. तिथून वारा वाहायचा. वादळात स्वयंपाकघरात अंथरलेलं मेणकापड जमिनीवरून हलकेच उचललं जायचं आणि पुन्हा बसायचं, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखं.

“या घराला पाय आहेत,” लोरेटा म्हणायची, “पण मोजे नाहीत.”

दर शरद ऋतूत गावातला प्रत्येक पुरुष खालचा वारा अडवायला घराच्या पायाभोवती देवदाराच्या फांद्या आणि गवताळ मातीची ढेकळं रचायचा, आणि वसंतात काढून टाकायचा. फॉन्सही तेच करायचा. मग समुद्रातला कॉड मासा संपत आला आणि सरकारने त्याची मासेमारी बंद केली. पुरुष धक्क्यावर उभे राहून पाण्याकडे बघू लागले, जणू पाण्याने काही शब्द दिला होता. त्याच वर्षी लोरेटाच्या पायांचे सांधे धरले. फॉन्सच्या हाताला काम नव्हतं आणि तिचे पाय रात्रंदिवस गार. त्याने ठरवलं, एकदाच काय ते कायमचं करून टाकायचं.

घराखालच्या पोकळीभोवती दगड रचले, वर फळ्या ठोकल्या, आणि फळ्यांच्या प्रत्येक फटीत डांबरात भिजवलेला तागाचा दोर हातोडीने ठासून भरला. होडी बांधताना भरतात तसाच. पाणी आत येऊ द्यायचं नाही, ही त्याच्या हातांना लहानपणापासून लागलेली सवय होती. हात आपलं काम करत राहिले.

शेजारचा मिक लेक कुंपणावर कोपर टेकून बघत होता. “फॉन्सकाका, आता दोन वल्ही लावा. परत बेटावर जाल.”

“हस लेका. तुझ्या बायकोचे पाय गारठले की माझ्याच दारात येशील.”

“तिचे बारमाही गारच असतात. माझ्या पोटाला लावून झोपते.”

त्या हिवाळ्यात जमीन उबदार होती. लोरेटा चुलीपासून टेबलापर्यंत अनवाणी चालायची. फॉन्स चहाचा कप हातात धरून तिचे पाय बघत बसायचा. त्या सबंध वर्षात त्याच्या हातून झालेली तेवढी एकच गोष्ट होती.

बुरशी पहिल्यांदा दिसली ती दिवाणामागे. काळ्या मिरीची पूड उडालेली असावी तशी. लोरेटाने पुसली. परत आली. मग कपाटाच्या तळाशी, मग कोपऱ्यात, मग अंत्ययात्रांना घालायच्या फॉन्सच्या कोटाच्या कडेला राखाडी लव फुटली. तो छपरावर चढला. छप्पर धड होतं. धुराड्याभोवतीचा पत्रा तपासला; कोरडा होता. ब्लीचने भिंती धुतल्या, त्यावर रंगाचे दोन हात दिले, आणि महिन्याभरात ती रंगातून पुन्हा वर आली, काचेपलीकडून कुणी तोंड लावून बघावं तशी. ओल बाहेरच्या धुक्यातून येते असं समजून त्याने खिडक्यांवर प्लॅस्टिक ठोकलं आणि भिंतीतले हवेचे झरोके चिंध्यांनी बंद केले. चुलीत लाकडं दुप्पट घातली. घर न्हाणीघरासारखं कोंदट झालं. लोरेटा खोकू लागली.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी तिला शहरातल्या इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, ते घर साफ झाल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही. ती शहरातच बहिणीकडे, जेराल्डीनकडे राहिली. जेराल्डीनचं घर म्हणजे चौथ्या मजल्यावरची एक खोली. त्या दोघीच तिथे कशाबशा मावत होत्या.

“त्या तळघरात ती पुन्हा येणार नाही,” जेराल्डीन फोनवर म्हणाली.

“आमच्या घराला तळघर नाही.”

“मग ते अख्खंच तळघर आहे, फॉन्स.”

एका दुपारी लोरेटानेच फोन केला. एकेका वाक्यानंतर श्वास गोळा करून ती बोलत होती.

“कुठे आहे ती बुरशी? वर?”

“वर नाही. खालीच. भिंतींच्या पायाशी. कपाटाच्या तळाला.”

लग्नाआधी बेटावर मासे वाळवणाऱ्या बायकांची ती मुकादम होती. खारवलेल्या कॉडला बुरशी लागली तर दलाल अख्खा ढीग नाकारायचा, आणि बोलणी तिला खावी लागायची.

“फॉन्स, मासा पाठीकडून काळवंडला तर काय समजायचं?”

“पाऊस लागला.”

“आणि पोटाकडून?”

“खालून वारा नव्हता.”

“आपण मासा कशावर वाळवायचो?”

“माचावर. फांद्यांच्या.”

“जमिनीवर का नाही?”

खिडकीवरचं प्लॅस्टिक फुगत होतं, बसत होतं.

“तुझे पाय गार पडायचे,” तो शेवटी म्हणाला.

“पडायचेच. मी कुठे नाही म्हणते?” ती खोकली. “जा, खाली उतरून बघ. लहान मुलासारखा फोन धरून बसू नकोस.”

त्याने स्वयंपाकघराच्या जमिनीतली दोन फळकुटं उचकटली आणि बॅटरी घेऊन खाली उतरला. दलदलीचं पाणी जमिनीवर पातळ पसरलं होतं आणि बॅटरीच्या उजेडात चमकत होतं. तुळयांच्या खालच्या अंगाला थेंब लटकले होते, एक पडला की दुसरा धरायचा. पांढऱ्या तंतूंची जाळी लाकडावर पसरली होती. ते पाणी वाफ होऊन घराच्या फळ्यांतून, भिंतींच्या पोकळीतून वर चढत होतं आणि थंड भिंतीला लागलं की पुन्हा पाणी होत होतं. त्याने तुळईत सुरी खुपसली. ती मुठीपर्यंत गेली. मग त्याने बॅटरी विझवली. दिवसाचे दोन वाजले होते आणि कुठूनही उजेडाची एक रेघ येत नव्हती. एकही फट राहिली नव्हती. उभ्या आयुष्यात त्याने इतकं घट्ट काम केलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात त्याने सगळं नीट केलं. आधी पाणी: घराच्या वरच्या अंगाने चर खणून दलदल समुद्राकडे वळवली. मग वारा: समोरासमोरच्या दोन बाजूंच्या फळ्या काढून टाकल्या. खालच्या जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरलं, जोडांवर एकावर एक चढवून, कडेला दगड ठेवून. कुजलेल्या तुळया बदलल्या. झरोक्यांतल्या चिंध्या ओढून काढल्या. लाकूड वाळेपर्यंत त्याने बुरशीला हातही लावला नाही. ओल जिवंत असताना पुसलेली बुरशी म्हणजे नुसती कापलेली दाढी, हे आता त्याला समजलं होतं.

मग मिक आला, तोंडावर रबरी मुखवटा चढवून. आल्या आल्या त्याने झाडू उचलला.

“ठेव तो. कोरडी झाडलीस तर घरभर पेरशील.”

दारावर प्लॅस्टिकचे पडदे लावले, खिडकीत पंखा बाहेर तोंड करून बसवला. भिंतीवर पाणी फवारून मगच ती कापायची, डाग संपतो तिथून आणखी हातभर पुढे. तुकडा तिथल्या तिथे पिशवीत, पिशवीचं तोंड तिथेच बांधायचं. उरलेलं लाकूड घासून साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि वाळवायचं. लाकूड, काच, लोखंड धुता येतं. पिसं, कापूस, कागद यांच्या आत बुरशी मुरलेली असते. दिवाण गेला. पिसांची गादी गेली. लोरेटाच्या आईने शिवलेल्या गोधड्या आतून काळ्या पडल्या होत्या, त्या गेल्या. भिंतीवरच्या रंगाखाली जुना गुलाबी फुलांचा कागद निघाला, लोरेटाने लग्नाच्या वर्षी पसंत केलेला, खाडी ओलांडून आलेला.

“काका, एवढासा तुकडा तरी ठेवा,” मिक मुखवट्याआडून म्हणाला. “तिला दाखवायला.”

“ती श्वास घेणार आहे इथे.”

मिकने पिशवी उघडून धरली.

ऑगस्टच्या शेवटी, ओल उरली आहे का ते बघायला, फॉन्सने नव्या भिंतींवर आणि जमिनीवर प्लॅस्टिकचे छोटे चौकोन चिकटवले. काही दिवसांनी सोलून पाहिले. आतून कोरडे. त्याने हात धुतले, स्वच्छ सदरा घातला, जणू फोनमधून ती बघणार होती, आणि फोन लावला.

जेराल्डीनने उचलला. या वेळी तिचा आवाज टोचत नव्हता, आणि तेव्हाच त्याला कळलं. लोरेटाची फुप्फुसं आतून निबर झाली होती, ती आता पूर्ववत होणार नव्हती. नाकाला प्राणवायूची नळी लागली होती. इस्पितळापासून लांब राहायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि साउथ आर्मचा रस्ता हिवाळ्यात बर्फाने आठवडाभर बंद पडतो हे काही डॉक्टरांनी सांगायला नको होतं.

“दे तिला,” फॉन्स म्हणाला.

फोनमध्ये यंत्राचा सुस्कारा ऐकू आला, मग ती.

“झालं?”

“झालं.”

“वास येतो का अजून?”

“नाही.”

“कसलाच नाही?”

त्याने खोलीत पाहिलं. नवं लाकूड, उघड्या भिंती, एक टेबल, दोन लोखंडी खुर्च्या.

“कसलाच नाही,” तो म्हणाला.

“मग चांगलं केलंस.” सुस्कारा. “आणि जमीन?”

“बर्फासारखी गार.”

ती हसली. हसण्याचा खोकला झाला, आणि फोन जेराल्डीनकडे गेला.

तो महिन्यातून एकदा गावातल्या व्हॅनने शहरात जाऊ लागला. तिच्या बाजूला खुर्चीत बसायचा, तिचे पाय मांडीवर घ्यायचा आणि संध्याकाळच्या व्हॅनने परत यायचा. चौथ्या मजल्यावर जमीन उबदार होती. खालच्या माणसांच्या घरांनी ती तापवली होती.

ऑक्टोबरमध्ये पहिलं दव गोठलं. मिक फांद्यांनी भरलेली ढकलगाडी घेऊन दारात आला. “काका, आपल्या जुन्या रीतीने लावू. वसंतात काढू. त्याने काही होत नाही, तुम्हालाही ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

“घेऊन जा. तुझ्या बायकोच्या पायांना लाव.”

मिकला हसावं की नाही ते समजेना. तो गाडी वळवून गेला.

संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला. फॉन्सने चुलीत लाकूड सारलं, बूट काढले, आणि तो टेबलाशी बसला. घराच्या एका बाजूने वारा आत शिरला, कोरड्या प्लॅस्टिकवरून सरपटत दुसऱ्या बाजूने निघून गेला. स्वयंपाकघराच्या मध्यभागी मेणकापड हलकेच वर उचललं गेलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि खाली बसलं. त्याने आपले अनवाणी पाय त्यावर टेकवले, आणि ते गार पडू दिले.