परभणीत दोन कॉलेजं आणि माझं एक भाषण

नाशिकहून निघालेली गाडी परभणी मागे टाकून पूर्णा जंक्शनला थांबली. माझ्या शबनम पिशवीत दोन कपडे होते आणि शिक्षणाच्या बाजारीकरणावर मीच लिहिलेली पत्रकं. आमच्या घरात मुलांना गोष्टींऐवजी पत्रकं वाचून दाखवत. त्यामुळे ‘शोषण’ हा शब्द मला ‘शाळा’च्या आधी लिहिता आला, हे मी अजून अभिमानानं सांगते.

ताडकळसला किराणा दुकान चालवणाऱ्या मामांची सारिका बारावी कॉमर्स झाली होती. तिला परभणीच्या नव्या कॉलेजात कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घ्यायची होती. मामांना जुन्या कॉलेजातलं साधं बी.कॉम. पुरेसं वाटत होतं. “ताई, अप्पा तुझं ऐकतात, ये,” असा सारिकाचा फोन आला. माझं कुणी ऐकतं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. मी लगेच निघाले.

पूर्णा जंक्शनहून ताडकळसची एसटी मिळाली. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं. शेजारच्या बाईंनी विचारलं, “काम काय करता?”

“लिहिते.”

“तलाठ्याकडं का?”

“नाही. समाज बदलावा म्हणून लिहिते.”

“बरं. मंग जरा तिकडं सरका, माझं गठुडं ठिवू द्या.”

मामींनी भाकरीबरोबर येसर (भाजलेल्या धान्यांच्या मसालेदार पिठाची आमटी) वाढली. ती इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतलं पाणी मामांना भाचीच्या मायेचं वाटलं. जेवण झाल्यावर सारिकानं मला चुलीपाशी गाठलं. “उद्या एवढंच म्हण, कॉलेज बरं हाय, हॉस्टेल बरं हाय. भाषण करू नको.”

“भाषण? मी?” मी दुखावून म्हणाले.

सकाळी आम्ही तिघं परभणीला पोचलो. आधी जुनं कॉलेज पाहिलं. लिंबाची झाडं, उखडलेल्या पायऱ्या आणि खिडकीआडचे कारकून. “बी.कॉम. केलं की कुठं बी जाता येतं, पोरी,” ते म्हणाले. मामांनी विजयी मान हलवली.

नव्या कॉलेजात काचेची दारं होती. माहितीपत्रकावर सूट-टाय घातलेले हसरे तरुण भर उन्हात सोयाबीनच्या रानात उभे होते. तिथले साहेब म्हणाले, “आमचा विद्यार्थी म्हणजे आमचं प्रॉडक्ट.”

झालं. मी उभी राहिले. माणूस म्हणजे माल नव्हे, इथून मी सुरुवात केली आणि ज्ञानाला काचेचं दार कशाला, इथपर्यंत पोचले. पाणी घेऊन आलेले शिपाईकाका दारातच थांबले. सारिकानं मला चिमटा काढला. मला वाटलं, तिला भरून आलंय. मी आवाज आणखी चढवला.

बाहेर आल्यावर मामा गहिवरून म्हणाले, “मुक्ते, डोळे उघडलेस बघ. निव्वळ धंदा करायलेत हे समदे कॉलेजवाले. मंग हे बी नको अन् ते बी नको. सारिके, तू आपली दुकानावर बस.”

“मामा, मला तसं नव्हतं म्हणायचं...”

“न्हाई न्हाई, बराबर बोललीस.”

सारिकानं माझा दंड धरला. “ताई, आता एक शब्द न्हाई,” ती म्हणाली आणि आम्हाला स्टँडजवळच्या हॉटेलात घेऊन गेली.

चहा आला. “अप्पा, आपल्या दुकानात मीठ हाय, साबण हाय, दोरी हाय. समोरचा नुसतं बी-बियाणं विकतो. लांबच्या गावचे लोक कुणाकडं येतात?”

“त्याच्याकडं,” मामा म्हणाले. “पर पाऊस न्हाई पडला की तो माशा मारत बसतो. आपलं मीठ बाराही महिने खपतं. बी.कॉम. म्हंजे मीठ हाय, पोरी.”

मला बोलायचा मोह अनावर झाला. मी तोंडात अख्खं भजं कोंबलं.

“तसं साल आलं तर मीठ विकीन की,” सारिका म्हणाली. “ते तुमी मला शिकवलंच की, अप्पा. त्याच्यासाठी आनि कॉलेज कशाला? जे घरात न्हाई ते शिकू द्या.”

मामा बशीतला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग उठले. “चल. हॉस्टेल तरी बघून येऊ.” मी उठताच त्यांनी हात केला. “तू हितंच बस, मुक्ते. पिशव्या सांभाळ.”

दोघं परतली तेव्हा सारिकाच्या हातात नव्या कॉलेजच्या प्रवेशाची पावती होती आणि मामा हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीचं कौतुक करत होते.

ते कॉलेज नफेखोर आहे, हे माझं मत परतीच्या गाडीतही तेच होतं. पण सारिकाला हवं ते शिकवणारं दुसरं कॉलेज मी तिला दाखवू शकले नव्हते. आजवर मी कितीतरी चौकांत पत्रकं वाटली. शब्दांनी माणसाचं मन वळतं, यावर माझी श्रद्धा होती. पुरावा मात्र नव्हता. तो परभणीत मिळाला. मी एका माणसाचं मन खरोखर वळवलं, आणि ते पुन्हा जागेवर आणताना सारिकाचा चहा पार थंड झाला.