साडूंनी बदललेली केबल

फुजैऱ्याच्या भर उन्हाळ्यात लोकरीची कानटोपी घालून हिंडणारा माणूस अख्ख्या आखातात एकच निघेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हा धक्का माझा अजून ओसरलेला नाही. जहाजांना तेल पुरवणाऱ्या आमच्या कंपनीत सर्व्हर सांभाळायला त्यांना मीच चिकटवलं. सर्व्हररूम थंडगार, म्हणून टोपी. बाहेर येताना ती काढायचं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसे. पार्किंगमधला वॉचमन मला हळूच विचारायचा, "साब, आपका भाई ठीक है ना?" साडूंचा धर्म एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पोट बिघडलं तेव्हा त्यांनी आमटीतून एक दिवस हिंग वगळायला लावला, दुसऱ्या दिवशी हिंग परत घालून चिंच, मग गूळ. चौथ्या दिवशी मेहुणी म्हणाली, "आता मला वगळा!"

आमच्या सर्व्हरमध्ये चार डिस्क आणि त्या चौघींना एका माळेत धरून ठेवणारं, रेड कंट्रोलर नावाचं कार्ड. लहर आली की हे कार्ड धडधाकट डिस्कला मेलेली ठरवायचं. साडू ती डिस्क दुसऱ्या मशिनवर तपासायचे आणि संतापायचे, "जिवंत माणसाच्या मरणाचा दाखला काढतंय हो हे!" सगळे म्हणत होते, कार्ड फेका. साडू महिनाभर वहीत नोंदी करत बसले आणि शेवटी मालकांना म्हणाले, "कार्ड शहाणं आहे. केबल खराब होती, ती बदललीय. आता डिस्क गेली तर मी जातो." मी हादरलोच. व्हिसा कंपनीचा, मुलगी दहावीला, आणि नोकरी अशी पणाला लावतात?

आता लिहूनच टाकतो. दुसऱ्या दिवशी साडू घरी जेवायला गेले असताना मला एका डिस्कवर लाल दिवा लुकलुकताना दिसला. यांची नोकरी जाते की काय, या भीतीनं मी ती डिस्क काढून परत बसवायला गेलो, आणि घाईत शेजारचीच उपसली. केबल बदलल्यावर ती डिस्क पुन्हा माळेत ओवली जात होती, तो दिवा त्या दुरुस्तीचा होता, हे नंतर कळलं. एकीविना माळ टिकली असती, दोघी गेल्यावर तुटली; आठवड्याभराच्या डिलिव्हरीच्या नोंदी गेल्या. सर्व्हर स्वतः ठेवतो त्या लॉगमध्ये उमटलं एवढंच: डिस्क गायब. ते कार्ड तर असं रोजच म्हणायचं. माझ्यावर संशय येणार कुठून? साडू पांढरेफटक पडले. "पण मी एकच गोष्ट बदलली होती," एवढंच पुटपुटत राहिले. मालक म्हणाले, "खलास." मी शेजारी उभा होतो. गप्प.

साडू पुण्याला गेले, त्यांनी वह्यापुस्तकांचं दुकान टाकलं. घरातला लॅपटॉप बंद पडला तरी "मला त्यातलं कळत नाही" म्हणतात, असं मेहुणीकडून ऐकलं आणि माझी झोप उडाली. सहा वर्षांनी, गेल्या रविवारी, फोन करून सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. पलीकडून आवाज आला, "म्हणजे केबलच होती?"

"केबलच होती."

"दुसरी गोष्ट तुम्ही बदललीत."

"मी."

नाक ओढल्याचा आवाज. "अहो साडूभाऊ, ही विचारतेय, 'रडताय कशाला?' काय सांगू हो हिला?"

"फोन तिच्याकडे द्या," मी म्हणालो.